तळाच्या रग्बी टीमची शेवटची होम मॅच बघायला जाताय? मग हे वाचून जा

इंग्लंडला नवीन आलेली आपली मंडळी फुटबॉलची तिकिटं शोधत बसतात, ती एकतर मिळत नाहीत आणि मिळालीच तर महिन्याचा किराणा त्यात उडतो. ऑफिसातल्या एका नवीन पुणेकर पोराला मी म्हटलं, अरे शनिवारी आमच्या गावच्या रग्बी क्लबवर ये, सीझनची शेवटची होम मॅच आहे. तर तो म्हणे, दादा तुमची टीम तर तळाला आहे ना, मग बघायचं काय? म्हटलं, म्हणूनच ये. मग त्याला आठवडाभर फोनवर जे जे सांगत बसलो ते आता लिहूनच काढतो, म्हणजे पुढच्या माणसाला लिंक पाठवली की काम झालं.

आधी एक क्लियर करू, मी ट्विकनहॅमबद्दल, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या रग्बी स्टेडियमबद्दल बोलत नाहीये. इंग्लंडमधल्या रग्बी युनियनची उतरंड मोठी आहे, वर प्रीमियरशिप, तिच्याखाली दुसरी डिव्हिजन, मग नॅशनल १, नॅशनल २, रीजनल १, रीजनल २, आणि २०२२ ला नव्याने मांडणी झाली तेव्हापासून सातव्या पायरीवर काउंटीज १, त्याखाली अजून काउंटीजच्या पायऱ्या. आमचा क्लब या काउंटीजवाला. इथे कोणी प्रोफेशनल नाही. प्लंबर, शाळामास्तर, शेतकरी, एक दातांचा डॉक्टर, अशी सगळी मंडळी मंगळवार-गुरुवारी रात्री दिव्याखाली प्रॅक्टिस करतात आणि शनिवारी मार खातात.

जायच्या आधी घरी एक काम करा, चहा घेऊन लीगचं पॉइंट टेबल उघडा आणि खालच्या लीगमध्ये ढकललं जायचं की नाही याचं गणित मांडा. जिंकलं की ४ पॉइंट, ड्रॉ झाली की २, हरलं की भोपळा. पण मजा बोनसमध्ये आहे. मॅचमध्ये चार किंवा जास्त ट्राय (रग्बीतला गोल समजा, खाली सांगतो) केले तर १ बोनस, जिंका नाहीतर हरा, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तर अजून १. म्हणजे हरलेली टीमसुद्धा २ पॉइंट खिशात घालून जाऊ शकते. समजा आपले ३१ आहेत आणि आपल्या लगेच वरच्या टीमचे ३४, आणि त्यांची मॅच दुसऱ्या कुठल्या तरी ग्राउंडवर त्याच वेळी चालू आहे. आपण बोनससकट जिंकलो तर ३६. ते सपाटून हरले तर ३४ वरच राहतात, एक बोनस घेऊन हरले तर ३५, तरी आपण खाली जायचे वाचलो. पण दोन्ही बोनस घेऊन हरले तर तेही ३६, की झाली पंचाईत. हे आधी डोक्यात बसवलं नसेल तर शेवटच्या दहा मिनिटांत बाजूचा म्हातारा फोन बघून अचानक का ओरडला ते तुम्हाला कळणार नाही. किती टीम खाली जाणार हे लीगप्रमाणे बदलतं, तेही आधीच बघून ठेवा.

कपडे. एप्रिल आहे म्हणून टीशर्टवर जाऊ नका. एकाच मॅचमध्ये ऊन, पाऊस आणि परत ऊन असं मी स्वतः अनुभवलंय, आणि ग्राउंडवर आडोसा म्हणजे छप्पर असलेला छोटासा स्टँड, तिथे जागा जुन्या मेंबरांच्या, पाटी नसली तरी त्यांच्याच. गमबूट असतील तर घाला. गाडी शेतात लावायला सांगतात, तिथे उतारावर खाली तोंड करून लावू नका. मी पहिल्या वर्षी लावली आणि मॅच संपल्यावर चाक जागेवर फिरायला लागलं, मग समोरच्या टीमचा एक प्रॉप (पुढच्या फळीतला दांडगा गडी), अजून जर्सीतच, हातात बिअरचा ग्लास तसाच धरून एका खांद्याने गाडी ढकलून गेला. थँक्यू म्हणेपर्यंत दिसेनासा झाला. आत जायला कुठे काही लागत नाही, कुठे गेटवर टेबल टाकून दोन-चार पाउंड घेतात, सुटे ठेवा. रॅफलची चिठ्ठी विकणाऱ्या बाई येतील, त्यांना नाही म्हणायचं नाही, क्लब त्यावर चालतो.

मॅच सहसा तीनची. हिवाळ्यात उजेड लवकर जातो म्हणून आधी सुरू करतात. तुम्ही दीडलाच पोचा. शेवटच्या होम मॅचला जुन्या खेळाडूंचं जेवण असतं, ब्लेझर घातलेले साठी-सत्तरीतले बाबे क्लबहाउसात बसलेले असतात, कोणाचं नाक तीनदा मोडलंय, कोणाचा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झालाय, आणि प्रत्येकाकडे अमुक साली आपण कसे यापेक्षाही वाईट होतो याची एक स्टोरी असते. ऐका. नुसती मान डोलावत राहिलात तरी चालतं.

आता गेम. घाबरू नका, कबड्डी बघितलेल्या माणसाला रग्बी क्रिकेटवाल्यापेक्षा लवकर कळतो असं माझं ठाम मत आहे. बॉल हाताने पुढे पास करायचा नाही, फक्त मागे किंवा सरळ आडवा. पुढे न्यायचा तर घेऊन पळा नाहीतर लाथ मारा. हातातून पुढे निसटला तर नॉक-ऑन, मग स्क्रम, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून बॉलसाठी एकमेकांना ढकलतात. समोरच्याच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, ५ पॉइंट, त्यावर कन्व्हर्जनची किक २, पेनल्टीची किक ३, ड्रॉप गोल ३. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन हाफ, पंधरा-पंधरा जण, १ ते ८ नंबरचे फॉरवर्ड म्हणजे रेडे, ९ ते १५ बॅक म्हणजे घोडे. लाइनआउटला (बाहेर गेलेला बॉल परत आत फेकतात तेव्हा) एकाला दोघं उचलून धरतात ते बघून आमची आई (साताऱ्याहून आली होती, घडीच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली) म्हणाली, अगोबाई दहीहंडी! आणि रकमध्ये (खाली पडलेल्या बॉलसाठीची झोंबाझोंबी) सगळे एकमेकांवर पडले की दर वेळी, भांडण झालं का रे? तिला रकचा नियम मी चार वेळा समजावला आणि पाचव्या वेळी मलाच तो नीट येत नाही हे लक्षात आलं, तेव्हा तुम्हीही त्याचं टेन्शन घेऊ नका, रेफ्री शिट्टी वाजवेल तेव्हा बाजूच्याकडे बघून खांदे उडवायचे, तोही तेच करत असतो.

एक नियम मात्र लक्षात ठेवा, कारण त्यावरून आरडाओरडा फार होतो. २०२३ च्या जुलैपासून इंग्लंडच्या कम्युनिटी रग्बीत टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडणं) छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या खालीच करायचा. वर हात गेला की पेनल्टी. सगळं पब्लिक "हाय!" (high, म्हणजे फार वर) म्हणून बोंबलतं ते याच्यासाठी, नमस्कार करत नाहीयेत.

तळाच्या टीमची मॅच बघताना स्कोअरपेक्षा फ्रंट रो बघा, म्हणजे १, २, ३ नंबर. स्क्रममध्ये पुढे डोकं घालणारे हे तिघं ट्रेनिंग झालेलेच लागतात, मान मोडण्याचा धोका असतो म्हणून. खाली घसरलेल्या क्लबची खरी दुखणी इथे दिसतात. एक प्रॉप जखमी, दुसऱ्याच्या बायकोची डिलिव्हरी, बेंचवर वरच्या टीमांसारखे आठ जण कुठून येणार, दोन-तीनच असतात. मग सेकंड टीममधला चाळीस पार केलेला गडी उभा करतात. तोही लंगडत बाहेर गेला की रेफ्री स्क्रम अनकंटेस्टेड जाहीर करतो, म्हणजे दोन्ही बाजू वाकून एकमेकांना धरतात पण ढकलायचं नाही. रस्सीखेचीत दोरी नुसती हातात धरून उभं राहायला सांगितल्यासारखं दिसतं ते. ज्या सीझनमध्ये हे तीन-चारदा झालं त्या सीझनचं टेबल बघायची गरज नसते.

उभं कुठे राहायचं? दोरीच्या बाहेर, हे पहिलं. टॉस झाला की वारा कुठून येतोय ते बघा, ज्या टीमच्या पाठीशी वारा ती समोरच्याच्या हद्दीत जास्त वेळ असणार, तिकडचा कोपरा पकडा. अर्ध्यात बाजू बदलल्या की तुम्हीही चालत दुसऱ्या टोकाला जा, सगळे जातात, वारीसारखी रांग लागते, हातात चिप्स आणि पुढे कुत्री. दोन्ही टीमचे सपोर्टर एकत्रच उभे असतात, आणि फुटबॉलसारखं दारूचं बंधन नाही, मोठ्या फुटबॉल ग्राउंडवर मैदान दिसेल अशा जागी बिअर प्यायला १९८५ च्या कायद्याने बंदी आहे, इथे ग्लास हातात घेऊन लाइनीवर उभे राहतात. तरी मारामारी नाही. रेफ्रीला मात्र काही बोलायचं नाही. खेळाडू त्याला सर म्हणतात, बोलायचं ते कॅप्टनने, कोणी हुज्जत घातली तर पेनल्टी दहा मीटर पुढे सरकते. तुम्ही लाइनीवरून ओरडलात तर तुमच्याच क्लबचा माणूस येऊन गप्प करेल.

आणि चुकूनही रिकामे, निवांत दिसू नका. या लेव्हलला बऱ्याचदा रेफ्री एकटाच असतो, टचजज, म्हणजे लाइनीवरचा झेंडेवाला, दोन्ही क्लबांनी आपापला द्यायचा. मागच्या सीझनला आमचा आलाच नाही, आणि चेअरमनने माझ्या हातात झेंडा दिला, काय नाय रे, बॉल बाहेर गेला की वर करायचा. बॉल बाहेर गेल्यावर मी केला हो वर. पण किकच्या वेळी दोन्ही टचजज पोलच्या मागे जाऊन उभे राहतात, एकेका पोलखाली एकेक, आणि बॉल आडव्या बारच्या वरून, दोन पोलच्या मधून गेला की झेंडे वर. समोरच्यांची पेनल्टी किक, बॉल बरोबर माझ्या पोलच्या टोकावरून आला. आत की बाहेर? मी पलीकडच्या झेंडेवाल्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. पोल तुमचा म्हणजे निर्णय तुमचा. माझा हात आपोआप वर गेला, तीन पॉइंट त्यांना. आपण दोनने हरलो. अजून मी बारवर गेलो की एक जण न बोलता पेपर नॅपकिन डोक्यावर धरून दाखवतो.

शेवटची पाच मिनिटं बाथरूमला जाऊ नका. ग्राउंडवर घड्याळ नसतं, वेळ रेफ्रीच्या मनगटावर, आणि ऐंशी मिनिटं झाली तरी बॉल डेड, म्हणजे खेळाबाहेर, होईपर्यंत खेळ थांबत नाही. त्यात पेनल्टी मिळाली तर ती बाहेर मारून लाइनआउटसुद्धा घेता येतो, म्हणजे संपलेली मॅच अजून पाच मिनिटं चालू शकते. पाच पॉइंटने मागे असलेली टीम ऐंशीव्या मिनिटाला आपल्याच बावीस मीटरच्या रेषेपासून निघते आणि पंधरा-वीस वेळा पडत-उठत पुढे सरकते, चिखलात कोणाचा नंबर दिसत नाही, त्या वेळी दोरीवर अख्खं गाव पुढे झुकलेलं असतं आणि फक्त बूट चिखलातून निघण्याचा पचक पचक आवाज येतो. मग कोणाच्या तरी हातून बॉल निसटतो. बहुतेक वेळा निसटतोच. तळाची टीम आहे ना.

शिट्टी झाली की पळू नका. दोन्ही कॅप्टन समोरच्यांसाठी आणि रेफ्रीसाठी थ्री चीअर्स देतात, मग एक टीम दोन रांगा करून उभी राहते आणि दुसरी मधून टाळ्या घेत जाते, नंतर उलट. तुम्हीही टाळ्या वाजवा, आधी पाहुण्यांसाठी. ज्याची ही शेवटची मॅच आहे तो माणूस सहसा सगळ्यात मागे असतो, त्याची पोरं आत धावत जातात, आणि तो त्यांना उचलायला जातो तर पाठ आखडलेली असते.

मग क्लबहाउस. हा निम्मा कार्यक्रम आहे, इथून कटायचं नाही. दोन्ही टीमना क्लब जेवायला घालतो, सॉसेज-चिप्स नाहीतर करी. करीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, आमच्याकडे तिच्यात बेदाणे असतात. व्हेज असाल तर किचनमधल्या बाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चिप्सवर भागवावं लागेल. दुसऱ्या ग्राउंडचा रिझल्ट इथेच कोणाच्या तरी फोनवर येतो, आणि मग खाली गेलो की राहिलो ते कळतं. खाली गेलात तर काही बोलू नका, एक राउंड घ्या.

बोलायला विषय हवा असेल तर कलकत्ता कपचा काढा. इंग्लंड-स्कॉटलंड दरवर्षी ज्या कपासाठी खेळतात तो आपल्याकडचा आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७३ ला निघाला, नाव फुटबॉल पण खेळत रग्बी. काही वर्षांत मेंबर गळाले, त्यांच्याच नोंदीप्रमाणे फुकटचा बार बंद झाल्यावर जास्तच गळाले. कोणी पोलोकडे गेलं, कोणी टेनिसकडे. १८७८ ला क्लब गुंडाळताना बँकेतले उरलेले चांदीचे २७० रुपये काढून वितळवले आणि त्याचा कप करून इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. हँडल म्हणून तीन नाग, झाकणावर हत्ती. पहिली मॅच १८७९. आमच्या क्लबच्या खजिनदाराला हे सांगितलं तर तो शिल्लक आठवून म्हणाला, आमचा चमचा होईल.

निघताना खुर्च्या गोळा करायला पाच मिनिटं हात लावा, मुलगा-मुलगी लहान असेल तर संडे मिनीजचं (लहान पोरांची रविवारची रग्बी) विचारून घ्या, आठ वर्षांखालच्या पोरांना नुसता टॅग रग्बी असतो, म्हणजे पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची, टॅकल नंतर. आणि बूट गाडीत टाकायच्या आधी पिशवीत घाला, तो चिखल सीटला वाळला की जून उजाडला तरी निघत नाही.