महिला संघाने निधी कसा उभारावा : उद्दिष्टापासून हिशेबाच्या फळ्यापर्यंत

पुण्यातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चच्या सभासदांच्या समूहांत) निधीचे काम शेवटी महिला संघाकडेच येते. शाळेची फी असो, चर्चचे गळणारे छत असो की आजारी विधवेचे औषधपाणी, "भगिनींनी काहीतरी करावे" असा ठराव होतो आणि दुसऱ्या रविवारपासून पेटी फिरू लागते. पेटी फिरवण्याआधीचे काम जिथे नीट होत नाही, तिथे पैसे कमी जमतात आणि कुजबुज जास्त होते. म्हणून सुरुवात पेटीपासून नको, कागदापासून करा.

आधी आकडा, मग प्रार्थना, मग घोषणा

"गरजूंसाठी निधी" या शब्दांवर कोणी मनापासून देत नाही. एकच काम निवडा आणि त्याची रक्कम ठरवा. समजा, मंडळीतल्या ८ मुलामुलींची जूनमधली फी आणि पुस्तके, प्रत्येकी १५,००० रुपये. म्हणजे एकूण १,२०,००० रुपये, ३१ मेपर्यंत. हा आकडा संघाच्या प्रार्थनासभेत मांडा आणि किमान दोन सभा त्यासाठी प्रार्थना होऊ द्या. त्यात एक व्यवहारही असतो : पहिल्या सभेत न सुचलेल्या शंका दुसऱ्या सभेत पुढे येतात.

मननासाठी बायबलमधले २ करिंथकरांस, अध्याय ८ आणि ९ घ्या. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी जमवताना प्रेषित पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भावांना पाठवतो. रक्कम हाताळण्यावरून कोणी दोष देऊ नये, हे त्याचे कारण. लूक ८:१-३ सुद्धा वाचा. मरिया मग्दालीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आणि सुसान्ना या स्त्रिया आपल्या पैशाअडक्यातून येशू आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. निधी हे बायकांचे जोडकाम आहे असे म्हणणाऱ्यांना या तीन ओळी पुरेत.

मग पास्टोरेट कमिटीची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी घ्या (कॅथलिक पॅरिश असेल तर फादरांची आणि पॅरिश कौन्सिलची). पाळकसाहेबांचा तोंडी होकार पुरत नाही. त्यांची बदली झाली की होकारही त्यांच्याबरोबर जातो.

पैसे कोणाच्या नावावर येणार

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. क्यूआर कोड चर्चच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचाच हवा, खजिनदारबाईंच्या मोबाइल नंबरचा नको. बाई कितीही प्रामाणिक असल्या तरी त्यांच्या खात्यात निधी आणि घरखर्च मिसळतो, आणि उद्या आयकराची विचारणा आली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. कोड छापून लावल्यावर दर रविवारी उपासनेआधी एकदा स्कॅन करून खातेदाराचे नाव तपासा. मूळ कोडावर दुसऱ्याचे स्टिकर चिकटवून फसवणूक होते. देणाऱ्यांना शेऱ्यात "शिक्षण निधी" लिहायला सांगा, नाहीतर ही रक्कम दशमांशात (मिळकतीच्या दहाव्या भागाच्या नेहमीच्या दानात) मिसळेल आणि महिनाअखेर वेगळी काढता येणार नाही.

ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर त्याच्याच पावत्या वापरा. नोंदणी नसलेला गट बाहेरच्या लोकांकडून वर्गणी गोळा करणार असेल, तर गणपती मंडळे घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीवर देणगीदाराच्या आयकर सवलतीचा (८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) उल्लेख ट्रस्टकडे तसे प्रमाणपत्र असेल तरच करा. अनेक चर्च-ट्रस्टांकडे ते नसते.

परदेशातल्या नातेवाइकांचा उत्साह मोठा असतो, म्हणून तिथे जास्त जपा. भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी मात्र तशी धरली जाते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) का असेना. विदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी (एफसीआरए) नसेल तर ही रक्कम नम्रपणे नाकारा. नोंदणी असेल तरी ती नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आली पाहिजे.

रक्कम कुठून येणार, हे वाटून घ्या

शंभर कुटुंबांच्या मंडळीत १,२०,००० अशी विभागता येते : ४५ कुटुंबांचे पाकिटातून दरमहा १५० रुपये, नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे ४०,५००, हंगामाच्या सणाचा (पीक हाती आल्याबद्दलच्या आभाराच्या सणाचा) लिलाव २५,०००, नाताळचा खाऊ विकून ३०,०००, आणि पाच जणांकडून प्रत्येकी ५,००० म्हणजे २५,०००. पाचशे रुपये जास्तच होतात. चारांपैकी एक झरा आटला तरी बाकीचे तीन राहतात.

मासिक पाकिटांना कमी लेखू नका. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि तिथल्या मंडळांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलेले शारदा सदन (विधवांसाठीची शाळा) अशा नियमित मदतीवर उभे राहिले. मिझोरममधल्या चर्चच्या स्त्रिया रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यातून मोठी कामे करतात. पुण्यात तांदळाऐवजी पाकीट चालेल. वाटप महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि परत घेणे दुसऱ्या रविवारी ठेवा. पगार तेव्हाच हातात असतो, २५ तारखेला नसतो.

लिलाव

हंगामाच्या सणाला भोपळा, केळ्यांचा घड, घरचे लोणचे, कोंबडी, सगळे येते. एकाने घेतलेली वस्तू तो पुन्हा दान करतो आणि तिचा पुन्हा लिलाव होतो, हीच त्यातली गंमत. पण बोलीच्या भरात दिलेले आकडे वसूल होत नाहीत. बोली संपताच एका बहिणीने नाव, वस्तू आणि रक्कम वहीत लिहावी, आणि जेवणाआधी पैसे घेऊन पावती द्यावी. "पुढच्या रविवारी देतो" याचे पैसे निम्मेच येतात असे धरून चाला. दहा-वीस लहान वस्तूंची बोली २० रुपयांपासून ठेवा, म्हणजे कमी मिळकतीच्या घरातल्या माणसालाही हात वर करता येतो. पैसे घेऊन लकी ड्रॉ किंवा हाउझी नको. ते लॉटरीच्या कायद्यात अडकू शकते, आणि मंडळीतल्या जुन्या लोकांना तो जुगार वाटतो.

नाताळचा खाऊ : इथे हिशेब चुकतो

चिवड्याच्या एका पुड्यामागे ५० रुपये सुटतात असे धरले, तर ३०,००० साठी ६०० पुडे लागतील. १ किलो पातळ पोह्यांत २५० ग्रॅम शेंगदाणे, २०० ग्रॅम डाळे, १०० ग्रॅम सुके खोबरे आणि साधारण २५० मिली तेल घातले की पावणेदोन किलो चिवडा होतो, म्हणजे पाव किलोचे सात पुडे. ६०० पुड्यांसाठी सुमारे ८६ किलो पोहे. हे कोणत्याही चर्चच्या स्वयंपाकघराला झेपत नाही. म्हणून मिश्रण करा : चिवड्याचे २५० पुडे (३६ किलो पोहे), अर्ध्या किलोचे १०० केक, प्रत्येकी १२० रुपये सुटतील असे, आणि कलकलचे (नाताळच्या तळलेल्या गोड पदार्थाचे) ११० पुडे, प्रत्येकी ५० रुपये सुटतील असे. यातून बरोबर ३०,००० होतात.

पोहे मंद आचेवर, एका वेळी किलोभरच परता. मोठ्या कढईत एका घाण्याला वीस मिनिटे धरली, तर दोन शेगड्यांवर ३६ घाणे सहा तासांत होतात. चिवडा नरम पडतो त्याचे कारण बहुधा एकच : गरम असताना पिशवीत भरला. पसरून पूर्ण गार होऊ द्या, दोन-तीन तास तरी. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा, मुठीच्या अंदाजाने नाही. प्रत्येक पुड्यात २० ग्रॅम जास्त गेले, तर २५० पुड्यांमागे ५ किलो चिवडा फुकट जातो. किराणा मार्केट यार्डातून आणि पिशव्या-डबे बोहरी आळीतून घाऊक आणा, आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. कोणी तेल किंवा मैदा दान दिला, तर त्याची बाजारभावाने वेगळी नोंद करा. नाहीतर नफा फुगलेला दिसतो आणि पुढच्या वर्षीचा अंदाज चुकतो.

आगाऊ मागणी किमान तीन चतुर्थांश आल्याशिवाय कढई चढवू नका. विक्री चर्चच्या आवाराबाहेर किंवा नियमित होणार असेल, तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या.

मागायचे कसे

उपासनेनंतरची घोषणा दोन मिनिटांची हवी. हा नमुना : "प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम. आपल्या मंडळीतल्या ८ लेकरांच्या जूनच्या फीसाठी महिला संघ १,२०,००० रुपये जमवत आहे. आजवर ४७,००० जमले. पाकिटे दाराशी आहेत. ज्यांना या महिन्यात शक्य नाही, त्यांनी प्रार्थनेत आठवण ठेवावी." शेवटचे वाक्य गाळू नका.

देणाऱ्याचे नाव आणि रक्कम वेदीवरून वाचू नका. काही मंडळ्यांत ही रीत आहे आणि तिने पैसे वाढतातही, पण शंभर रुपये देणारी विधवा पुढच्या वेळी पाकीटच घेत नाही. ज्या मुलांसाठी निधी आहे त्यांची नावे आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. वर्गात त्यांना ते ऐकावे लागते. पाच मोठ्या देणगीदारांकडे मात्र दोन बहिणींनी घरी जाऊन, लेखी आकडा देऊन मागावे.

मोजणी आणि फळा

पेटी दोघींनी उघडावी, आणि त्या एका घरातल्या नसाव्यात. नोटांचे मूल्यवार तपशील लिहून दोघींनी सही करायची, एक प्रत खजिनदारांकडे, एक पाळकसाहेबांकडे. रोकड सोमवारी बँकेत. मोजण्याआधी त्यातून रिक्षाचे भाडेसुद्धा काढू नका. खर्च वेगळ्या व्हाउचरने द्या.

दर महिन्याला चर्चच्या फळ्यावर एक पान लावा : पावती क्रमांक आणि रक्कम (नावाशिवाय), खर्च, शिल्लक. फी पालकांच्या हातात न देता थेट शाळेच्या खात्यात भरा आणि तिची पावती फाइलला लावा.

उद्दिष्ट गाठल्यावर त्याच रविवारी घोषणा करून पाकिटे थांबवा. निवासमंडपासाठी (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूसाठी) गरजेपेक्षा जास्त आले तेव्हा मोशेने लोकांना आणखी आणायला मनाई केली होती (निर्गम ३६). तरीही काही उरलेच, तर ते कुठे जाईल हे ऑक्टोबरच्या पहिल्या ठरावातच लिहून ठेवा, उदाहरणार्थ "पुढील वर्षीची फी". वार्षिक सभेत पदाधिकारी बदलताना पावतीपुस्तकांची स्थळप्रत, बँकेचे उतारे, बिले आणि न वापरलेली पाकिटे मोजून नव्या खजिनदारांच्या स्वाधीन करा, आणि तशी नोंद सभेच्या इतिवृत्तात घ्या.