लेझरचा काप किती माल खातो? दहा तुकड्यांत मोजा

लेझरवर कापलेला खाचेचा जोड ढिला बसतो, कारण किरण कापाच्या रुंदीएवढा माल जाळून टाकतो. एका कापाची ही रुंदी, म्हणजे कर्फ, व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या साधनावर) धड सापडत नाही. दहांची मिळून सापडते.

१. ज्या शीटवर काम करायचं, तिच्याच कोपऱ्यात १०० × २० मिमीचा आयत काढा. लांबीला दर १० मिमीवर एक, अशा ९ रेघा मारा. एकावर एक दुहेरी रेघ नको, तिथे काप रुंदावतो.
२. नेहमीच्याच पॉवर-स्पीडवर कापा.
३. दहाही तुकडे त्याच क्रमाने, वरची बाजू वरच ठेवून (काप किंचित तिरका असतो) घट्ट सरकवा. एकूण लांबी मोजा.
४. ती १०० मधून वजा करून १० ने भागा. ९८.२ भरली तर कर्फ ०.१८ मिमी.

सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट (कापाची रेघ सरकवायचं अंतर) मात्र निम्माच, ०.०९: भागाची कड बाहेर सरकवा, भोकाची आत. पूर्ण आकडा टाकला तर जोड हातोडीशिवाय बसत नाही. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) थोडं दबून घेतं, अ‍ॅक्रिलिक सरळ तडकतं. त्याला जरा सैलच ठेवा.

लेन्स पुसली, फोकस हलला किंवा नवी शीट आली, की ही दहा तुकड्यांची पट्टी पुन्हा कापा.