फ्रीबीएसडीवर व्हर्च्युअलबॉक्स बसवताना

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमवर व्हर्च्युअलबॉक्स (एका यंत्रात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा ओरॅकलचा प्रोग्राम) चालते, परंतु ओरॅकल त्यासाठी इन्स्टॉलर देत नाही. जे मिळते ते फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समधून, म्हणजे सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधण्याच्या संग्रहातून. केवळ विंडोजवर चालणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी, तापकीर गल्लीतून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी ते बसवले, तेव्हा बहुतेक वेळ एकाच गोष्टीत गेला: कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि कर्नल मॉड्यूल (त्याला जोडला जाणारा सुटा भाग) यांचा मेळ घालणे.

आधी डीमेसग, म्हणजे कर्नलचे बूटच्या वेळचे संदेश, पाहावे. इंटेलच्या प्रोसेसरखाली ‘व्हीटी-एक्स’ची (व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीची) ओळ असते, माझ्याकडे तीत ‘डिसेबल्ड इन बायोस’ असे लिहिलेले होते. तसे दिसल्यास बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन सुरू करावे. बीहाइव्ह (फ्रीबीएसडीचे स्वतःचे व्हर्च्युअल मशीन चालवणारे साधन) वापरत असाल तर त्याचे व्हीएमएम मॉड्यूल काढून टाकावे, कारण प्रोसेसरची ही सोय दोघांना एकाच वेळी वापरता येत नाही.

मुख्य प्रोग्राम पीकेजीने (तयार पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) तयारच घ्यावा. तो पोर्ट्समधून बांधायला अनेक तास लागू शकतात. तसा हट्टच असेल तर निदान बुधवारी रात्री सुरू करू नये, कारण देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको.

कर्नल मॉड्यूलचे मात्र उलट आहे. पीकेजीच्या मुख्य भांडारातले तयार पॅकेज फ्रीबीएसडीच्या त्या शाखेच्या सर्वांत जुन्या, अजून पाठिंबा असलेल्या आवृत्तीवर बांधलेले असते, त्यामुळे आपली आवृत्ती त्याहून नवी असेल तर मॉड्यूल लोड होताच यंत्र कोसळू शकते. म्हणून चालू कर्नलशी जुळणारा सोर्स यूएसआर-एसआरसी या डिरेक्टरीत ठेवावा आणि केमॉडचे, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या कर्नल मॉड्यूलचे, पोर्ट स्वतः बांधावे. ते लहान असल्याने फार वेळ लागत नाही. पीकेजी तिमाही शाखेवर (पॅकेजांच्या दर तीन महिन्यांनी निघणाऱ्या संचावर) असेल तर पोर्ट्सही त्याच शाखेचे घ्यावेत, अन्यथा प्रोग्राम एका आवृत्तीचा आणि मॉड्यूल दुसऱ्या, अशी गत होते.

मॉड्यूल पहिल्यांदा केएलडीलोड या आज्ञेने हाताने चढवून पाहावे. ते शांतपणे चढले तरच बूटच्या वेळी लोड करण्याची व्यवस्था करावी. लोडर-कॉन्फ या बूटच्या सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये नोंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मी ती आरसी-कॉन्फ या नंतर वाचल्या जाणाऱ्या फाइलमधल्या केएलडी-लिस्टमध्ये (मॉड्यूलांच्या यादीत) करतो, कारण पुढे कधी गडबड झालीच तर बूट मेन्यूतून सिंगल यूजर मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेत) शिरता येते, तिथे ही यादी वाचलीच जात नाही आणि चुकीची ओळ काढता येते. ब्रिज्ड नेटवर्क (आतली सिस्टिम घरच्या नेटवर्कवर स्वतंत्र यंत्रासारखी दिसणे) हवे असल्यास व्हीबॉक्सनेट ही सेवाही चालू करावी. साध्या इंटरनेटसाठी नॅट (यजमान यंत्राचेच कनेक्शन वापरणे) पुरते. शेवटी आपल्या यूजरला व्हीबॉक्सयूजर्स या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे.

डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन मात्र या व्यवस्थेवर सोपवू नये. ओरॅकलचा एक्स्टेन्शन पॅक (व्हर्च्युअलबॉक्सला जादा सोयी देणारी जोड) फ्रीबीएसडीसाठी नाही आणि विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी प्रयोग परवडत नाहीत.

स्वतः बांधलेले मॉड्यूल पीकेजी लॉकने कुलूपबंद करून ठेवावे. नाहीतर पुढच्या अपग्रेडमध्ये पीकेजी त्यावर तयार पॅकेज बसवून मोकळे होते. फ्रीबीएसडीची आवृत्ती वाढवली, की कुलूप काढून, सोर्स बदलून ते पुन्हा बांधावे.