कोकणात पश्मीना शाल ठेवताय? या चुका टाळा

काश्मीरच्या सहलीतून हौसेने आणलेली पश्मीना रत्नागिरी-मालवणात वर्षातून जेमतेम चार दिवस अंगावर पडते. बाकी सगळा काळ कपाटात. त्यामुळे तिचं जे काही वाटोळं व्हायचं, ते कपाटातच होतं.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं. पश्मीना ही लडाखच्या चांगथांगी शेळीच्या लांब केसांखालची मऊ लव, जाडी साधारण 12 ते 16 मायक्रॉन. हा तंतू हवेतला बराच ओलावा शोषूनही हाताला कोरडाच लागतो. मिरगात कोरडी समजून पिशवीत भरलेली शाल गणपतीत उघडावी, तर कुबट वास आणि घडीवर बुरशीचे ठिपके! धुतलेल्या जुन्या सुती पंच्यात गुंडाळा. लोखंडी कपाटाच्या पत्र्याला टेकू देऊ नका, खाऱ्या हवेने धरलेल्या गंजाचा डाग सहजी निघत नाही. बुरशी आलीच, तर शाल आधी घराबाहेर वाळवा, मऊ ब्रशने झाडा, मगच धुवा.

‘लग्नात एकदाच तर घेतली’ म्हणून न धुता ठेवू नका. कसरीची अळी घामाच्या, तेलाच्या, सांडलेल्या जेवणाच्या डागावर आधी तुटून पडते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळवून. अर्धवट सुकलेला पाला म्हणजे ओल आपल्याच हाताने आत नेणं. डांबरगोळ्या शालीला लागू न देता फडक्यात बांधून ठेवा. माझा भरवसा मात्र पाऊस उघडल्यावर घड्या मोडून शाल झटकण्यावर आणि थोडा वेळ कोवळं ऊन दाखवण्यावर.

धुताना ब्लीच नको, एंझाइमवाली पावडरही नको. ती प्रथिनांचे डाग फोडते, आणि हा तंतू स्वतःच प्रथिन आहे. गार पाणी, रिठा किंवा लोकरीचा सौम्य लिक्विड साबण पुरे. गरम पाण्यात चोळलीत की तंतू एकमेकांत गुंतून आवळलेला नमदा झालाच म्हणा, त्याला इलाज नाही. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवी पसरा. दोरीवर टाकली की ओल्या वजनाने ताणते.

अंगठीतून आरपार गेली म्हणजे अस्सल, हे विसरा. व्हिस्कोससारखं पातळ कृत्रिम कापडही जातं. धागा जाळून केसाचा वास आला, तरी तो साध्या लोकरीलाही येतो, रेशमालाही. ‘काश्मीर पश्मीना’ला 2008 पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे; घेताना ते लेबल आणि त्यावरचा क्रमांक तपासा.