माकडहाडाजवळची जन्मजात गाठ: निदानातल्या या चुका टाळा

तान्ह्या बाळाच्या कुल्ल्यांमध्ये बाहेर आलेली गाठ कुणाच्या नजरेतून सुटत नाही. सुटते ती आतल्या आत, गुदाशयामागे वाढणारी. सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा ही माकडहाडापासून उद्भवणारी गाठ साधारण 35,000 ते 40,000 जन्मांमागे एका बाळात आढळते आणि मुलींमध्ये तिचे प्रमाण तिप्पट-चौपट असते. गाठ किती बाहेर आणि किती आत आहे यावरून प्रकार ठरवणाऱ्या आल्टमन वर्गीकरणातल्या चौथ्या प्रकारात ती बाहेरून मुळीच दिसत नाही.

म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हट्टी बद्धकोष्ठतेवर केवळ औषधाची बाटली बदलत राहणे. वर्षा-दीड वर्षाचे मूल कुंथून लालबुंद होते, शी चपट्या पट्टीसारखी येते, लघवी थेंबथेंब होते, आणि घरात मात्र ‘पाणी कमी पितंय, दात येताहेत’ अशी समजूत घातली जाते. अशा मुलाच्या गुदद्वारातून करंगळीने हळुवार तपासणी केली, तर गुदाशयाच्या मागच्या बाजूला टणक फुगवटा बोटाला लागू शकतो. मूल रडेल म्हणून ही मिनिटभराची तपासणी टाळली जाते, याचे फार वाईट वाटते.

दुसरी चूक घाईची आहे. फुगवट्याला गळू समजून चीर देऊ नये किंवा सुई घालून पाणी काढू नये, कारण तिथे मज्जारज्जूच्या आवरणाची पिशवी असली तर जंतुसंसर्ग थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. गुदद्वार जन्मतः अरुंद असेल आणि एक्स-रेमध्ये त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचे हाड) कोयत्यासारखी वाकडी दिसत असेल, तर 1981 साली वर्णन झालेल्या कुरारिनो विकाराची (गुदद्वार व त्रिकास्थीतले दोष आणि गाठ एकत्र असलेला जन्मजात विकार) शंका घ्यावी आणि आधी एमआरआय करावा.

रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनचा (अशा गाठीत तपासल्या जाणाऱ्या प्रथिनाचा) अहवाल वाचतानाही गफलत होते. मोठ्या माणसांत हा आकडा सहसा मिलिलिटरमागे 10 नॅनोग्रॅमच्या आत असतो, तर नवजात बाळात तो हजारोंच्या घरात असणे स्वाभाविक आहे आणि तो खाली यायला आठ महिने ते वर्ष लागते. त्यामुळे एका आकड्यावर घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये, वयानुसार तो उतरतो आहे का हे पाहावे.

‘गाठ साधी आहे, मूल मोठे झाल्यावर बघू’ हा सल्ला मात्र स्वीकारू नये, कारण दोन महिन्यांच्या वयानंतर ती कर्करोगाची निघण्याचा धोका वाढत जातो. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर माकडहाडही काढले का, हे पालकांनी स्पष्ट विचारावे. ते मागे राहिल्यास गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता बरीच वाढते.