कापडाचं म्युझियम आणि त्याची लायब्ररी नवीन बिल्डिंगमध्ये हलवताय? या चुका टाळा

शिफ्टिंग म्हटलं की आधी टेम्पो आठवतो, मग हमाल, मग कुठला पॅकर्सवाला स्वस्तात करून देईल याची फोनाफोनी. पण कापडाच्या संग्रहात टेम्पो हा सगळ्यात सोपा भाग असतो हो. माल बिघडतो तो टेम्पोत चढायच्या आधीच्या घाईत नाहीतर उतरल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, आणि दोन्हीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे पाहुणे आणि उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि बाकी सगळं तिच्यामागे फरफटत जातं.

वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियमचं उदाहरण बघा. जॉर्ज ह्युइट मायर्स या संग्राहकाने 1925 मध्ये 275 गालिचे आणि त्यांच्या जोडीची 60 कापडं घेऊन स्वतःच्या राहत्या घरात ते सुरू केलं, पुढे संग्रह 19 हजारांच्या वर गेला. 2011 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीशी करार झाला, ऑक्टोबर 2013 मध्ये जुनी जागा लोकांसाठी बंद केली आणि नवीन बिल्डिंग उघडली मार्च 2015 मध्ये. म्हणजे करारापासून साडेतीन वर्षांच्या वर, त्यात जवळजवळ दीड वर्ष दार बंद. आपल्याकडे हे कमिटीसमोर ठेवलं तर "एवढा वेळ कशाला, दोन रविवारी होईल की" म्हणणारे दोघे तरी निघतातच. त्यांना हे आकडे दाखवा.

यादी न करता बांधाबांध

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. जुन्या रजिस्टरमध्ये नोंद आहे म्हणजे वस्तू कपाटात आहे असं धरून चालू नका, आणि कपाटात आहे म्हणजे तिला नंबर आहे असंही नाही. आधी एकेक वस्तू बाहेर काढायची, रजिस्टरशी ताडायची, फोटो काढायचा, अवस्था लिहायची (कुठे फाटलंय, कुठे डाग आहे, आधीच फाटलेलं होतं की शिफ्टिंगमध्ये फाटलं हे नंतर कोणीच शपथेवर सांगू शकत नाही) आणि मगच बांधायची. नंबरासाठी स्टेपलर, टाचणी, सेलोटेप यातलं काहीही नको. टाचणी दमट हवेत गंजते, तिचा तपकिरी ठिपका कायमचा राहतो. अरुंद सुती नाडीवर न पसरणाऱ्या शाईने नंबर लिहायचा आणि ती कोपऱ्यात दोन सैल टाके घालून शिवायची, बस्स. तोच नंबर पेटीवर, तोच एक्सेल शीटमध्ये, आणि शेजारी नवीन जागेतल्या कपाटाचा-कप्प्याचा कोड आधीच ठरवून. नवीन जागेत गेल्यावर बघू असं म्हटलं की पेट्या महिनोन्‌महिने पॅसेजमध्ये पडतात.

कसर सोबत घेऊन जाणं

नवीन बिल्डिंग स्वच्छ असते, कीड तुम्ही नेता. लोकर, रेशीम, पिसं यावर कसर आणि कार्पेट बीटल, पुस्तकांच्या खळीवर झुरळं आणि सिल्व्हरफिश. डांबरगोळ्या हा उपाय नव्हे, त्यांचा वास माणसांना त्रास देतो आणि आत बसलेली अंडी काही त्याने मरतीलच असं नाही. जगभर सरसकट वापरतात ती पद्धत म्हणजे गोठवणं: कापड पॉलिथिनमध्ये हवा काढून सीलबंद करायचं आणि उणे 20 अंशाला निदान आठवडाभर ठेवायचं, उणे 30 मिळत असेल तर तीन दिवसांत होतं. घाई नडते ती बाहेर काढल्यावर. पिशवी लगेच फोडली की थंड कापडावर दव जमतं, म्हणून पूर्ण एक दिवस सीलबंद पिशवी खोलीत तशीच राहू द्यायची. रंगवलेले पट, शिंपले, हस्तिदंत, लाकूड जोडलेल्या वस्तू मात्र कॉन्झर्व्हेटरला (जुन्या वस्तूंच्या जतनाच्या तज्ज्ञाला) विचारल्याशिवाय फ्रीजरमध्ये टाकू नका.

आणि ग्लोव्हज घाला, ते फक्त कापडासाठी नाही. पूर्वी म्युझियममध्ये कीड लागू नये म्हणून डीडीटी, आर्सेनिक असलं काय काय मारायचे, जुन्या गालिच्यांवर ते अजून असू शकतं. नायट्राइलचे ग्लोव्हज बरे, सुती ग्लोव्हजचे धागे जरीत अडकतात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी उतरवून ठेवा.

घडीवर घडी

चाळीस वर्षं एकाच घडीत ठेवलेली पैठणी कधी उलगडून बघितलीय? मधला भाग तसा बरा असतो, पण घडीच्या रेषेवर रेशीम चिरतं, जरीची तार तुटून उभी राहते, हात लावला तर खरखरीत लागते. आता ती तशीच खोक्यात घातली, वर आणखी दहा साड्या ठेवल्या आणि खड्ड्यांतून टेम्पो नेला तर त्या रेषेवर दोन तुकडे व्हायचे. शक्य असेल ते सगळं गुंडाळून न्या. जाड नळी घ्या, कापडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी चार बोटं जास्त लांब, पुठ्ठ्याची असेल तर आधी मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) फिल्म आणि वर अॅसिड-फ्री टिश्यू, म्हणजे आम्ल नसलेला पातळ कागद. पीव्हीसी पाइप स्वस्त मिळतो पण नको, त्यातून क्लोरीनवाली वाफ सुटते. कापड ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने गुंडाळायचं, गालिचा किंवा भरतकाम असेल तर उठावाची बाजू बाहेर ठेवून, आणि वरून धुऊन खळ काढलेला मांजरपाट. कोरा मांजरपाट थेट वापरला तर त्याची खळच किडीला आमंत्रण देते. सुतळी आणि रबरबँड अजिबात नकोत, रुंद नाडी बांधा.

जे गुंडाळता येत नाही, अंगरखे, टोप्या, जाड भरजरी चोळ्या, त्यांच्या घडीत टिश्यूचे लांबट बोळे भरा म्हणजे कडक रेघ पडत नाही. रेशीम-लोकरीला साधा अॅसिड-फ्री टिश्यू, सुतीला बफर्ड (आम्ल मारणारा क्षार घातलेला) चालतो. वर्तमानपत्र नको, साडीच्या दुकानातली चेनवाली पारदर्शक पिशवी पण नको.

लायब्ररी म्हणजे फक्त पुस्तकं असं समजणं

इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण सगळी कमिटी कापडांच्या काळजीत असते आणि लायब्ररी शेवटच्या दिवशी शिपायावर सोपवली जाते. कापडाच्या म्युझियमच्या लायब्ररीत बऱ्याच वस्तू कापडच असतात! लंडनच्या इंडिया म्युझियमचे प्रमुख असलेल्या जॉन फोर्ब्स वॉटसनने 1866 मध्ये भारतीय कापडाच्या नमुन्यांचे 18 खंड तयार केले, त्यात खऱ्या कापडाचे 700 तुकडे चिकटवलेले, असे 20 संच, त्यातले 13 ब्रिटनमध्ये आणि 7 भारतात वाटायला. हे पुस्तक की कापड? लायब्रेरियन म्हणतो म्युझियमचं, क्युरेटर म्हणतो लायब्ररीचं, आणि असला खंड किंवा गिरणीची नमुना-वही दोन्ही यादीतून निसटते. सोपा तोडगा, दोन्ही यादीत घाला, एकमेकांचे नंबर लिहा, किडीचे आणि उजेडाचे नियम कापडाचे लावा, आणि न्यायच्या त्या आडव्या, पेटीत.

वॉशिंग्टनला पुस्तकं शहरातल्या नवीन बिल्डिंगमध्ये ठेवली आणि कापडाचा मोठा साठा व्हर्जिनियात अॅशबर्नला खास बांधलेल्या केंद्रात. असं दोन ठिकाणी वाटलं जाणार असेल तर कापड आणि त्याच्याबद्दलचा कागद यांना जोडून ठेवणारा फक्त तो नंबरच उरतो.

जुनी पुस्तकं झटकू नका. त्यात विक्रेत्याची पावती, पाकीट, क्युरेटरने समासात केलेली टिपणं असतात, एखादं कापड कुठून आलं याचा तेवढाच पुरावा असतो. असा सुटा कागद निघाला तर तो कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर होता ते लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. दुसरी प्रत आहे म्हणून रद्दीत घालायच्या आधीही समास बघा.

खोकी छोटी, भरल्यावर 12-15 किलोपर्यंत. आंब्याची किंवा सफरचंदाची खोकी फुकट मिळतात पण सोबत किडेही फुकट. पुस्तक आडवं ठेवा किंवा पाठीच्या कण्यावर उभं, तोंड खाली करून ठेवलंत तर पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने बांधणीतून सुटतो. प्रत्येक खोक्यावर पहिला आणि शेवटचा कॉल नंबर (पुस्तकाची शेल्फवरची जागा सांगणारा नंबर) लिहा, शेल्फ टेपने मोजा, नवीन जागेत पाचवा हिस्सा रिकामा सोडा.

बिल्डिंग तयार आहे असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणं

पुस्तकं जड असतात. एका मीटर रांगेला तीस-चाळीस किलो सहज. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलोच्या हिशोबाने धरतात, लायब्ररीच्या स्टॅक रूमला (पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला) 600 आणि कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारी कपाटं, बसवणार असाल तर त्याहून बरंच जास्त, तेव्हा कपाटं ऑर्डर करायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

दुसरं, ताजा रंग, प्लायवूड, ओला स्लॅब. नवीन काँक्रीट कित्येक महिने पाणी सोडत राहतं, प्लायमधून आम्लाची वाफ येते. कपाट चालेल का हे बघायला चकचकीत घासलेली चांदीची, तांब्याची आणि शिशाची पट्टी बंद कपाटात महिनाभर ठेवा, काळवंडली किंवा शिशावर पांढरी पूड आली की कपाट परत.

तिसरं एसी. दिवसा चालू, सहा वाजता शिपाई जाताना बंद, असं चालणार असेल तर त्यापेक्षा न लावलेला बरा, रोजच्या चढउतारानेच जास्त नुकसान होतं. दमटपणा 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर हवा, 65 च्या वर गेला की बुरशीची भीती. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेर 80 च्या वर असतो, म्हणून शिफ्टिंग दिवाळीनंतर घ्या, आणि डीह्युमिडिफायरला (हवेतला ओलावा ओढणाऱ्या मशिनला) ड्रेनचा पाइप जोडा, नाहीतर शनिवारी रात्री बादली भरते आणि मशिन सोमवारपर्यंत बंद.

हलवल्यावर काही गडबड दिसली तर

वस्तू सापडत नाही: शोधत फिरू नका, शेजारच्या नंबरांच्या पेट्या आधी बघा, बहुतेक वेळा दोन कापडं एकाच टिश्यूत गेलेली असतात.

पेटीखाली बारीक भुसा किंवा रिकामं कवच दिसलं: फवारणीवाल्याला आत घेऊ नका, ती पेटी आणि तिच्या आजूबाजूच्या सीलबंद करून फ्रीजरमध्ये, खोलीत चिकट सापळे.

बुरशीचा वास किंवा पांढरे ठिपके: ओल्या फडक्याने पुसायचं नाही, उन्हात तर मुळीच घालायचं नाही. वेगळ्या खोलीत नेऊन हवा कोरडी करा, बुरशी वाळून पावडर झाली की मास्क लावून, हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने, कापडावर जाळी ठेवून ओढा.

जरीची तार काळी पडली: चांदी उजळायची पावडर, टूथपेस्ट, लिंबू काही नको, मुलामा निघून येतो. आधी कपाटात ती घासलेली चांदीची पट्टी परत ठेवा आणि वाफ कुठून येतेय ते शोधा, कारण कपाट तेच राहिलं तर साफ केलेली तार पुन्हा काळी पडणार.