मैदानावर धून लावण्याआधी: कबड्डीच्या टेबलामागून नवख्यांसाठी

गुहागर तालुक्यातली प्रकाशझोतातली कबड्डी स्पर्धा. अंतिम सामना, शेवटची चार मिनिटं, दोन्ही संघांत एका गुणाचा फरक. आणि आमच्या साउंडच्या टेबलावर मामाचा फोन एकसारखा वाजतोय. नालासोपाऱ्यातून, डोंबिवलीतून, लालबागमधून चाकरमानी विचारत होते, "चित्र कशाने गेलं? कोण जिंकतंय?" लाईव्ह प्रक्षेपणाच्या जागी एक स्थिर चित्र येऊन बसलं होतं. मध्यंतरात मी एका गाजलेल्या चित्रपटाची धून पाच मिनिटं सलग लावली, तीच लाईव्हमध्ये गेली आणि यूट्यूबच्या यंत्रणेने दुसऱ्याच्या मालकीची म्हणून ओळखली. चूक पूर्णपणे माझी होती. आमच्या गावच्या चढाईपटूने शेवटच्या चढाईत दोन गडी टिपून सामना फिरवला, आणि ते मुंबईत कुणालाच दिसलं नाही. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "ताई, तेवढंच बघायला जागा राहिलो होतो."

त्या गोष्टीला आता चार हंगाम झाले. आमचा हंगाम म्हणजे दिवाळीनंतर भातं झोडून झाली की सुरू होतो तो मे अखेरपर्यंत. मामाच्या साउंड सर्व्हिसमध्ये लॅपटॉप सांभाळायला बसलेली मी आता दापोलीपासून राजापूरपर्यंतच्या स्पर्धांचं संगीत बघते. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न बहुतेक स्पीकर आणि सॉफ्टवेअरचे असतात. ते महिन्याभरात जमतं. "ही धून लावायची परवानगी कोणाकडून घ्यायची?" हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, मीही विचारला नव्हता.

आधी मैदानापुरतं थोडं. कबड्डीत चढाई सुरू असताना संगीत नाही. चढाईपटूचा दम पंचांना ऐकू आला पाहिजे, तो तुटला की गडी बाद. तुमच्या आवाजात तो बुडाला तर निकाल चुकतो आणि दोष तुमचा. चढाई तीस सेकंदांची. खेळाडू मध्यरेषा ओलांडून परत आला, पंचांनी गुण दाखवला की मग सात-आठ सेकंदांचा तुकडा. लोण चढला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाला, की मोठा तुकडा. टेनिस क्रिकेटमध्ये गोलंदाज धाव घ्यायला वळला की आवाज बंद. रात्रीच्या स्पर्धेला ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ती सूट आपल्या तारखेला आहे का, हे आयोजकांच्या तोंडी शब्दावर सोडू नका, कागद बघा.

आता चित्रपटाच्या धुना. त्या मैदानावर इतक्या चालतात, कारण त्यांच्यासोबत एक गोष्ट प्रेक्षकाच्या मनात आधीच बसलेली असते. 'रॉकी' हा १९७६ चा चित्रपट आमच्याकडच्या किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे, पण बिल काँटीची त्यातली तुतारीसारखी सुरुवात झाली की पोरं छाती काढून मैदानात उतरतात. २००७ च्या 'चक दे! इंडिया'ने हॉकी संघाची गोष्ट सांगितली आणि तिचं शीर्षकगीत देशातल्या प्रत्येक खेळाचं झालं. अजय-अतुलचं 'झिंगाट' २०१६ पासून कुठल्याही विजयानंतर लागतं. पहिले ठोके पडले की बाकावरची आजीसुद्धा मान हलवते. ही ताकद खरी आहे, आणि ती कुणीतरी मेहनतीने घडवलेली आहे.

इथे नवख्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. लॅपटॉपवरची एक फाईल म्हणजे एक मालकी नव्हे. संगीतकाराने रचलेली चाल ही एक वस्तू, गीतकाराचे शब्द ही दुसरी, आणि त्या दोन्हींचं स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण ही तिसरी. १९५७ चा कॉपीराइट कायदा या तिन्हींना वेगवेगळं संरक्षण देतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा संगीत कंपनीकडे असतो. चाल आणि शब्द जाहीरपणे ऐकवण्याचा परवाना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस देते. ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था १९६९ पासून आहे. ध्वनिमुद्रणासाठी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड म्हणजे पीपीएल, नोव्हेक्स यांसारख्यांकडे जावं लागतं किंवा थेट कंपनीकडे. कोणाकडे कोणत्या कंपनीची गाणी आहेत, त्याच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. यादी उघडा, तुमच्या वीस तुकड्यांची नावं शोधा, मगच पैसे भरा. एक पावती घेतली म्हणजे सगळं झालं असं समजणारी मंडळं मी बरीच पाहिली.

उदाहरणाने हे चटकन कळतं. 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या चित्रपटाची व्हँजेलिसची धून २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पदकप्रदानाला वाजत होती. आमच्याकडे चषक वाटपाला ती हमखास मागतात. तिला शब्द नाहीत, म्हणजे गीतकाराचा प्रश्न मिटला. राहिले दोन हक्क. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं संरक्षण आहे, म्हणजे १९८१ च्या मुद्रणाला २०४१ अखेरपर्यंत. चालीला मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. व्हँजेलिस २०२२ मध्ये गेला, म्हणून त्याची चाल २०८२ अखेरपर्यंत. जुन्या हिंदी गाण्यांतही नेमकी हीच गफलत होते. १९६० चं मुद्रण मोकळं झालं असेल, पण संगीतकार १९९० मध्ये वारला असेल तर चाल अजून मोकळी नाही. हीच धून बँजो पार्टीने मैदानात प्रत्यक्ष वाजवली तर कंपनीच्या मुद्रणाचा प्रश्न उरत नाही, चालीचा परवाना तेवढा लागतो.

आता टेबलापाशी ऐकू येणारे ठाम गैरसमज. "दहा सेकंदं वाजवलं तर चालतं." असा कुठलाही नियम नाही. "खाली संगीतकाराचं नाव टाकलंय." नाव देणं चांगलं, पण नाव म्हणजे परवानगी नव्हे. "मी ॲपची महिन्याची वर्गणी भरतो." ती वर्गणी तुमच्या वैयक्तिक ऐकण्यापुरती असते, दोन हजार माणसांना ऐकवण्यासाठी नाही. "लग्नाच्या वरातीत चालतं, मग इथे का नाही?" कारण कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि त्यासोबत लग्नाची वरात व लग्नाचे समारंभ यांना स्पष्ट सूट दिली आहे. कबड्डी स्पर्धेचं नाव त्यात नाही.

त्याच कलमात नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या किंवा तशा संस्थेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्याची सवलतही आहे, आणि मंडळाचे कार्यकर्ते तिचाच आधार घेतात. वाडीतल्या वाडीत, तिकीट नाही, फलक नाही, असा खेळ असेल तर तो आधार मला पटतो. पण संघांकडून प्रवेश फी, चारही बाजूंना बिल्डरांचे फलक, खुर्चीला तिकीट आणि लाईव्हवर जाहिराती असतील तर त्या सवलतीवर विसंबून बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उल्लंघन सिद्ध झालं तर कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. परवाना आयोजक मंडळाच्या नावावर, तारखा आणि मैदानाच्या पत्त्यासह घ्यायला लावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीला आपलं दरपत्रक जाहीर करावंच लागतं, त्यामुळे खर्चाचा आकडा स्पर्धेच्या अंदाजपत्रकात आधीच बसवता येतो. मांडव, जनरेटर, पंचांचं मानधन आणि संगीत परवाना, असे चार आकडे एकाखाली एक लिहिलेले पाहिले की खजिनदारही कुरकुर करत नाहीत.

लाईव्हचं गणित वेगळंच आहे, आणि माझी फजिती तिथेच झाली. मैदानात वाजवण्याचा परवाना वेगळा, आणि धून चित्राला जोडून प्रसारित करण्याची परवानगी वेगळी. पहिली हातात असली तरी दुसरी मिळत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा लाईव्ह चालू असतानाच आवाज तपासते. दुसऱ्याचं मुद्रण सापडलं तर आधी स्थिर चित्र येतं, तरी चालूच राहिलं तर प्रक्षेपण थांबतं. क्लेम आणि स्ट्राईक यांत गल्लत करू नका. क्लेम म्हणजे हक्कदाराचा दावा. तो आला तर बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळतात किंवा व्हिडिओ अडतो. स्ट्राईक म्हणजे वाहिनीवरचा ठपका. ती गंभीर असते, नव्वद दिवसांत तीन झाल्या तर वाहिनीच बंद होऊ शकते. मंडळाने पाच वर्षं जपलेल्या जुन्या सामन्यांची चित्रफीत त्यात जाईल.

त्यानंतर मी मिक्सरची जोडणीच बदलली. लाईव्हला मुख्य आउटपुट न देता ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या वाटेने, फक्त समालोचकाचा माईक आणि प्रेक्षकांचा एक माईक द्यायचा. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. आमची मैदानं उघडी, दुपारनंतर खाडीवरचा वारा सुटतो आणि स्पीकरचा आवाज फिरून समालोचकाच्या माईकमध्ये शिरतो. यंत्रणेला तेवढाही पुरतो. म्हणून लाईव्ह असलेल्या सामन्यात मी चित्रपटाची धून लावतच नाही. ती फक्त कॅमेरा सुरू होण्याआधी, परवाना असेल तर.

मग लावते काय? हे सांगण्याआधी आजोबांबद्दल लिहायला हवं. माझे आजोबा खालू बाजात, म्हणजे कोकणातल्या पारंपरिक वाद्यपथकात, सनई वाजवायचे. शिमग्याला पालखी नाचवताना त्यांनी वाजवलेला एक तुकडा कुणीतरी मुद्रित केला, आणि पुढे तो बाजारात विकल्या जाणाऱ्या एका सीडीत आला. आवरणावर वादकांचं नाव नव्हतं. आजोबांना एक रुपया मिळाला नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ती सीडी कुठे लागली की ते उठून आत जायचे. पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नसते. वादनावर मात्र वादकाचा हक्क पन्नास वर्षं असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने वादक म्हणून आपलं नाव लागण्याचा हक्कही कायद्यात आला. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा तिनेच दिला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. हे वाचलं तेव्हा परवान्याची पावती मला भुर्दंड वाटायची थांबली.

गेल्या वर्षी आम्ही आमच्याच तालुक्यातल्या चार वादकांना बोलावलं. सनई, ढोल, टिमकी, झांज. शाळा सुटल्यावर एका वर्गात गोधड्या टांगून मुद्रण केलं. चढाई यशस्वी झाली की आठ सेकंदं, पकड झाली की ढोलाचे तीन घाव, लोण चढल्यावर वीस सेकंदं, चषकासाठी दीड मिनिट. चाल सनईवाल्या काकांनी नवी बांधली. करार दोन पानांचा, पण लेखीच, कारण कायद्याने हक्काचं हस्तांतर लेखीच लागतं. आणि त्यात मुदत, प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. आमचे प्रेक्षक दुबई-मस्कतलाही असतात, म्हणून आम्ही "जगभर, यूट्यूबसह" असं लिहिलं. चालीची मालकी काकांचीच राहिली, आम्ही वापरायची परवानगी घेतली आणि दर स्पर्धेमागे मानधन ठरवलं.

सही करताना काकांनी एकच अट वाढवली, ती तिसऱ्या कलमात आहे: प्रत्येक सामन्याच्या मध्यंतरात समालोचकाने चौघांची नावं वाचायची. समालोचकाच्या कागदावर ती मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून देते, पारितोषिकांच्या यादीच्या वर.